तिसऱ्या ओळीतली दोन नावं

संगमेश्वर स्टेशनावर पहाटेच्या गाडीतून माणसं काय काय घेऊन उतरतात ते शमिकाने चार वर्षांत पुरेपूर पाहिलं होतं. चाकांच्या बॅगा, कॅमेऱ्याची तिकाटणी, एकदा तर एका बाईंनी घरचं प्यायचं पाणी कॅन भरून आणलं होतं. पण नुसती सायकलची सीट काखोटीला मारून उतरलेला माणूस तिने आजच पाहिला. सायकल नाही हं... फक्त सीट. जुनी, चामड्याची, टॉवेलात नीट गुंडाळलेली.

"बाकीची सायकल गाडीतच राहिली का?" तिने विचारलं.

"बाकीची तुम्ही देणार, असं तुमच्या पत्रकात लिहिलंय," तो म्हणाला. "ही मात्र माझी. दहा वर्षांचा सहवास आहे. एकटीला घरी कसं सोडायचं?"

फेब्रुवारी संपत आला होता. नदीवरचं धुकं थेट प्लॅटफॉर्मपर्यंत आलं होतं आणि त्याच्या केसांवर बारीक दव बसलं होतं. शमिकाने हसू ओठांत दाबलं आणि यादी उघडली. सुजय बोरस्ते, नाशिक. बुकिंग दोघांचं होतं. दुसरे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर कळलं की दुसरा म्हणजे त्याचा मित्र, तो परवाच जिन्यावरून घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसलाय. त्याच्या वाटणीची वाइन पिण्याची जबाबदारी आपल्यावर आलीय, असं सुजयने फार गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

आता ही शमिका सुर्वे कोण, तर शास्त्री नदीच्या काठाकाठाने शहरातल्या माणसांना सायकलवरून फिरवणारी बाई. वय तीस, पायांत बळ, जीभ तिखट. नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला तिची एक सहल निघायची. संगमेश्वरहून सुरुवात, फुणगूसकडे पहिला मुक्काम, मग काजूच्या बागा, पुढे जयगडची खाडी, फेरीबोटीने पलीकडे तवसाळ, हेदवीच्या दशभुजा गणपतीला नमस्कार, आणि चौथ्या दिवशी टेम्पोत सायकली टाकून परत. वाटेत खोऱ्यातल्या घरांमधून होणारी फळांची वाइन चाखायची. जांभळाची, करवंदाची, काजूच्या बोंडूची. हा सगळा खटाटोप तिने मृणाली नावाच्या मैत्रिणीबरोबर मांडला होता. मृणाली लग्न होऊन बंगळूरला गेली आणि शमिका एकटी उरली. मागून टेम्पो घेऊन बाबल्या यायचा, पण बाबल्या दिवसाला दहा शब्द बोलायचा आणि त्यातले सात टेम्पोशी.

आणि ही तिची शेवटची सहल होती. डोंबिवलीला राहणाऱ्या भावाने, निलेशने, मुंबईतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिची नोकरी पक्की केली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. एकटीला झेपत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला पाचसहा अनोळखी माणसं यायची, चार दिवसांत जिवाभावाची व्हायची, आणि चौथ्या संध्याकाळी गाडीत बसून निघून जायची. खिडकीतून हात हलवायची, फोन करतो म्हणायची. करत कुणी नसे. त्यांचाही काही दोष नव्हता हो, ज्याला त्याला आपापला संसार. पण प्लॅटफॉर्मवर एकटीने उभं राहून हात हलवून हलवून शमिका आतून दमली होती.

सहलीला निघण्याआधी नवलाईच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं, हा तिचा नेम. गाऱ्हाणं म्हणजे देवीशी मोठ्याने बोलणं. मानकऱ्याने एकेक मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पाहुण्यांना ही गंमत फार आवडायची. त्यांची नावं ती एका कागदावर लिहून द्यायची, एका ओळीत एक जोडपं, म्हणजे देवीच्या कानावर जोडीची नावं जोडीनेच जातात.

त्या दिवशी पाहुणे पाच होते. कोल्हापूरचे निवृत्त मास्तर चौगुलेसर आणि त्यांची बायको राजश्रीबाई, ही पहिली ओळ. ठाण्याची मनस्वी आणि तिचा नवरा ओंकार, लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, ही दुसरी. तिसऱ्या ओळीत सुजय एकटाच. शमिका आपलं नाव नेहमी सगळ्यांत खाली वेगळं लिहायची. पण त्या पहाटे तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, कागदाचा चतकोर तुकडा संपत आला होता, आणि तिने आपलं नाव सुजयच्या शेजारीच लिहून टाकलं.

एरवी काही बिघडलं नसतं, कारण जुने मानकरी तिला चांगले ओळखत होते. पण देवळाची पाळी दरवर्षी एका घराकडून दुसऱ्याकडे जाते, आणि यंदा ती आली होती गंगारामकाकांकडे. काका तीस वर्षं मुंबईत नोकरी करून नुकतेच गावी परतलेले. शमिका पडली नदीपलीकडच्या वाडीतली. तिला ते ओळखणार कसे? त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, देवीपुढे हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बाय नवलाय म्हाराजा, आज ही तीन जोडपी नदीच्या काठान सायकलीवरना चालली हायत. त्यांच्या वाटत काय आडवा-तिडवा असंल, ता बाजूला कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

पहिली दोन जोडपी सुखरूप पार पडली. मग काका तिसऱ्या ओळीवर आले.

"आनि ह्यो सुजय नि ही शमिका. ह्यांचा संसार ह्याच नदीच्या काठाव सुखान नांदू दे. ह्यांची ताटातूट कवा होव देव नको."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांबरोबर शमिकाही म्हणाली. लहानपणापासूनची सवय... कानांनी ऐकून अर्थ लावायच्या आतच तोंड बोलून मोकळं झालं. मग अर्थ लागला आणि ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मनस्वीने ओढणी तोंडात कोंबली होती. सुजय हेल्मेट छातीशी धरून देवीकडे बघत होता, आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा करून.

चूक कळल्यावर गंगारामकाका पार ओशाळले. पण देवीपुढे घातलेलं गाऱ्हाणं हवेत सोडून देता येत नाही. ते रीतसर माघारी घ्यावं लागतं, नारळ ठेवून, आणि ज्यांची नावं घेतली त्या दोघांनी स्वतः तिथे उभं राहून होकार द्यावा लागतो. तेही त्याच दिवशी नाही. एका दिवसात देवीपुढे दोन तोंडांनी बोलायचं नसतं. तेव्हा असं ठरलं की चौथ्या दिवशी, गाडीच्या आधी, दोघांनी परत यायचं. शमिकाने तिथल्या तिथे नारळ विकत घेऊन आपल्या सॅकमध्ये टाकला. मुंबईला जाताना मागे देवीशी खोटा पडलेला शब्द ठेवून जाणं तिला परवडणारं नव्हतं.

झालं. त्या घटकेपासून पाहुण्यांना चार दिवसांची करमणूक मिळाली. चढावर सुजय मागे पडायचा, सायकल हातात धरून लाल मातीतून धापा टाकत चालत यायचा आणि शमिका वर काजूच्या सावलीत त्याची वाट बघत उभी असायची. ते तिचं कामच होतं, शेवटच्या माणसासाठी थांबणं. पण चौगुलेसर जाता जाता हटकून विचारायचे, काय पोरी, संसार कसा चाललाय? आणि राजश्रीबाई त्यांना दटावून स्वतःच हसायच्या.

"तुम्ही नाशिकहून सीट आणलीत," शमिका त्याला एका चढावर म्हणाली, "पाय पण आणायचे होते."

"पाय आहेत. पण वर कुणी वाट बघतंय म्हटल्यावर घाई करावीशी वाटत नाही."

तिने त्याच्या चेनवरचा पाचोळा काढला, पाण्याची बाटली त्याच्या हातात कोंबली आणि पुढे निघाली. उतारावर वारा कानांत शिरत होता, मोहोराचा वास येत होता, आणि ती उगीचच दोनदा मागे वळून पाहून गेली. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तोही तिच्याकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी ते हौसाकाकीच्या बागेत पोहोचले. हौसाकाकी म्हणजे साठीची, ठेंगणी, कमरेला खोचलेला पदर कधी न सुटलेली बाई. वाडीतल्या आठ बायकांना हाताशी धरून, रीतसर परवाना काढून ती बोंडूची वाइन करायची. काजूची बी सगळे विकतात, पण तिच्यावरचं रसाळ फळ, म्हणजे बोंडू, बहुतेकांच्या बागेत झाडाखालीच कुजून जातं. काकी तेच गोळा करायची. पहाटे पडलेलं बोंडू त्याच दिवशी पिळावं लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्याला वास मारतो. रसाचा तुरटपणा घसा धरतो, म्हणून काकी त्यात तांदळाची पेज ओतायची. पेज तुरटपणा घेऊन खाली बसते आणि वर नितळ रस राहतो.

ते पाहून सुजय चक्क पिंपापाशी उकिडवा बसला. मग उलगडलं की हा दिंडोरीकडच्या एका मोठ्या वायनरीत सहा वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होता आणि डिसेंबरात नोकरी सोडून घरी बसला होता. का सोडली, म्हणून काकीने विचारलं. तो म्हणाला, तिथे दरवर्षी एकच चव यायची, यंत्रं सगळं बघायची, वाइन बिघडण्याची भीतीच उरली नव्हती.

"मग आमच्याकडं ये," हौसाकाकी म्हणाली. "हितं रोज बिघडते."

सगळे हसले. सुजय हसला नाही. त्याने बाह्या सारल्या आणि दुपारभर त्या बायकांबरोबर बोंडू पिळत बसला. बाकीचे नदीत पाय सोडून बसले होते. शमिकाने मात्र कामाचं निमित्त काढून तिथे चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला काकीने तिला पेला धरायला लावलं आणि नितळ रसाचा पहिला घोट तिनेच घ्यावा म्हणून सुजय हटून बसला. तिने घोट घेतला. आधी गोड, मग आंबट, मग शेवटी किंचित घशाला धरणारी चव... ती ठसकली. त्याने घाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तेवढ्याच घाईने काढून घेतला. बोंडूच्या रसाचे डाग धुतले तरी जात नाहीत. तिच्या शर्टावर त्याची चार बोटं उमटली ती कायमची.

तिसऱ्या दिवशी तिच्या सायकलची सीट मोडली. जयगडच्या अलीकडे, कातळावर, खट्कन आवाज आला आणि बोल्टच तुटला. बाबल्याकडे जादा सीट नव्हती. सुजयने न बोलता पाना मागितला, आपली ती जुनी चामड्याची सीट काढून तिच्या सायकलला बसवली, आणि तिची मोडकी सीट टॉवेलाने आणि सुतळीने आपल्या दांडीला बांधून वाकडा बसून चालवत निघाला.

"दहा वर्षांचा सहवास ना?" ती म्हणाली. "इतक्या सहज दिलीत?"

"सहज नाही. तुम्ही दोघी एकमेकींना शोभता."

फेरीबोटीवर सायकली एका कडेला लावून दोघं कठड्याशी उभी राहिली. बाकीचे फोटो काढण्यात गुंतले होते. खाडीवरून वारा सुटला होता, तिच्या बटा तोंडावर येत होत्या, आणि त्याने एकच प्रश्न विचारला, मुंबईला खरंच का चालला आहात? तो ऐकून घेणारा माणूस होता, हीच पंचाईत झाली. चार वर्षांत कुणाला न सांगितलेलं तिने त्याला त्या वीस मिनिटांत सांगून टाकलं. स्टेशन, खिडकीतले हात, न आलेले फोन. आता नवीन माणसावर जीव लावायलाच भीती वाटते, हेही सांगितलं आणि मग आपण इतकं बोललो म्हणून ती मनात चरफडली.

मी तरी फोन करेन, असं तो म्हणाला नाही. सगळे तेच म्हणतात आणि करत नाहीत, हे तिनेच आत्ता सांगितलं होतं. तरीही तो ते म्हणाला नाही याचं तिला वाईट वाटलं. मग वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. हेदवीला गणपतीपुढे ती डोळे मिटून उभी राहिली, पण काय मागायचं तेच तिला ठरवता येईना.

चौथ्या दिवशी टेम्पो परत संगमेश्वरच्या बाजूला लागला. सुजय पुढे बाबल्याशेजारी बसला होता आणि हेदवीला उशिरापर्यंत कुणाशी तरी फोनवर बोलल्यामुळे की काय, वाटभर पेंगत होता. शमिका मागे सायकलींत बसून त्याच्या मानेकडे बघत आली. अजून काही तासांनी हा माणूस गाडीत चढेल. खिडकीत बसेल. हात हलवेल. झालं, संपलं. आपण याच्यावर जीव लावून बसलो आहोत, हे तिला त्या खडखडणाऱ्या टेम्पोत अगदी स्वच्छ कळलं आणि तिचे डोळे भरून आले. सोमवारची नोकरी घेतली ते बरंच केलं, असं तिने स्वतःला तीनतीनदा बजावलं.

देवळात गंगारामकाका वाटच बघत होते. धुतलेलं धोतर, हातात तांदूळ. चूक आपली, म्हणून त्यांनी उपास धरला होता. शमिकाने सॅकमधून नारळ काढून देवीपुढे ठेवला. ती आणि सुजय समोर उभे राहिले आणि बाकीचे खांबांपाशी. काकांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की या वेळी होकार या दोघांनीच द्यायचा, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. दोघांतला एक जरी गप्प राहिला तरी गाऱ्हाणं माघारी जात नाही.

"बाय नवलाय म्हाराजा," काकांचा आवाज आज नरम होता, "माझ्या म्हाताऱ्याच्या हातना चूक घडली. ह्या दोघांचा येकमेकांशी काय येक संबंध नाय. माझा शब्द माघारी घे, नि ह्यांना आपापल्या वाटन मोकळी कर."

आणि काका थांबले.

शमिकाने तोंड उघडलं. दोनच तर शब्द होते. जन्मभर न विचार करता म्हटलेले, चार दिवसांपूर्वी नको तिथे आपसूक निघालेले. आज ते घशातच अडले, बोंडूच्या रसासारखे. तिने वाट पाहिली, की तो म्हणेल. तो म्हणाला की आपणही म्हणायचं आणि सुटायचं. पण शेजारून आवाज आला नाही. बाहेर आंब्यावर कुठेतरी पाखरू ओरडलं. बाबल्या खाकरला. काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काका," सुजय म्हणाला, "मी एक गाऱ्हाणं घातलं तर चालेल?"

काका बुचकळ्यात पडले. मग म्हणाले, देवीपुढं कुणाला अडकाव नाय.

सुजयने हात जोडले.

"नवलाई महाराज... मला हे नीट येत नाही. काल मी हौसाकाकींना फोन केला. हा हंगाम मी त्यांच्याकडे काम करणार आहे, आणि त्यांनी ठेवलं तर पुढचेही. ते माझं मी ठरवलंय, त्याचं ओझं कुणावर नाही. ही शमिका मुंबईला चाललीय. तिला मनापासून जायचं असेल तर तिला सुखाने जाऊ दे." तो थांबला. "पण दर आठवड्याला स्टेशनवर एकटीनेच हात हलवावा लागतो म्हणून ती जात असेल, तर तिला एवढंच सांग... की आजच्या गाडीत मी बसणार नाहीये. उद्याच्याही नाही. माझा तिच्यावर जीव जडलाय, आणि तो चुकून नाही."

गाऱ्हाणं संपलं. होकार देणारं कुणी नव्हतं. चौघे पाहुणे ओठ घट्ट मिटून उभे होते. राजश्रीबाईंनी नवऱ्याचा हात असा आवळला होता की सरांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला होता. सगळ्यांना ठाऊक होतं, हे उत्तर एकाच तोंडातून यायला हवं.

शमिकाने डोळे पुसले. हात जोडले. या वेळी तिने प्रत्येक अक्षराचा अर्थ लावला, मगच बोलली.

"व्हय म्हाराजा."

गंगारामकाकांनी नारळ उचलला, क्षणभर घोटाळले, आणि हा आता कशाचा म्हणून फोडू असं त्यांनी विचारलं. पहिल्या गाऱ्हाण्याचाच फोडा, असं शमिकाने सांगितलं. मग सगळ्यांनी खोबरं खाल्लं. बाबल्याने दोन तुकडे जास्तीचे घेतले आणि त्या दिवसाचे उरलेले तीन शब्द एकदम खर्च केले, "मला माहीत होतं."

संध्याकाळी स्टेशनवर गाडी आली. शमिकाने निलेशला फोन करून सोमवारचं रद्द केलं होतं, त्याची बोलणीही खाल्ली होती. चौगुलेसर, राजश्रीबाई, मनस्वी, ओंकार डब्यात चढले आणि खिडक्यांतून हात हलवायला लागले. फोन करतो, मनस्वी ओरडून म्हणाली. गाडी हलली, वेग घेऊ लागली, आणि शमिकाने नेहमीसारखा हात वर केला. तिच्या शेजारी उभं राहून सुजयही हात हलवत होता. शेवटचा डबा वळणाआड गेला तरी तो हलवतच राहिला, तेव्हा तिने त्याचा हात धरून खाली घेतला आणि सोडला नाही.

"चल," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर टेम्पोने काकीकडे पोहोचायचंय. आणि सीट मी परत देणार नाही."